परक्या बालगीतांचे स्मरणरंजन : आरंभकालीन इंटरनेटवरील असंबद्ध ॲनिमेशनपटांविषयी

प्रस्तावना

मराठी समीक्षेत 'नॉस्टॅल्जिया' या संज्ञेसाठी 'स्मरणरंजन' आणि 'गतकातरता' असे दोन पर्याय रूढ आहेत. पहिल्यात आनंदावर भर आहे, दुसऱ्यात व्याकुळतेवर. मूळ संज्ञा मात्र वैद्यकातील आहे. योहान्नेस होफर या तरुण वैद्याने १६८८ साली बाझल येथे सादर केलेल्या प्रबंधात, घरापासून दूर असलेल्या माणसांना जडणाऱ्या व्याधीसाठी ती घडवली. 'नोस्तोस' म्हणजे घरी परतणे आणि 'आल्गोस' म्हणजे वेदना. पुढे या व्याधीशी एक गाणे जोडले गेले. परदेशी सैन्यात चाकरी करणारे स्विस शिपाई आल्प्समधील गुराख्यांची धून ऐकताच कासावीस होतात, असा समज युरोपात पसरला. रूसोने १७६८ च्या आपल्या संगीतकोशात या समजाची दखल घेतली आणि एक मार्मिक निरीक्षण नोंदवले. त्या धुनेच्या ठायी स्वतःचे असे काही विलक्षण सामर्थ्य नाही, ती केवळ स्मृतिचिन्ह म्हणून परिणाम करते. म्हणूनच परक्या माणसावर तिचा तसा परिणाम होत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते.

प्रस्तुत लेखाचा विषय या प्रतिपादनाच्या नेमका उलट आहे. सन २००० च्या आसपास इंटरनेटवर काही अत्यंत विक्षिप्त ॲनिमेशनपट प्रसृत झाले. त्यांना पार्श्वभूमी होती ती परभाषेतील गाण्यांची, विशेषतः बालगीतांची. ज्यांनी ते तेव्हा कुमारवयात पाहिले ती पिढी आज चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे आहे आणि त्या गाण्यांच्या आठवणीने हळवी होते. परंतु हे गाणे त्यांच्या घरातले नव्हते, त्यांच्या भाषेतले नव्हते, त्यांना त्याचा अर्थही ठाऊक नव्हता. जे गाणे कधी आपले नव्हतेच ते घराची आठवण कशी काय करून देते, हा प्रश्न आहे. या कृतींची संभावना 'पोरकट चाळे' अशी करणे सोपे आहे. तसे केल्याने प्रश्न मात्र सुटत नाही.

कृतींचे स्वरूप

या प्रकाराला त्याच्या कर्त्याने 'ॲनिम्युटेशन' असे नाव दिले. ॲनिमेशन आणि म्युटेशन म्हणजे उत्परिवर्तन यांचा हा संकर. कर्ता नील सिसीएरेगा हा अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सचा, जन्म १९८६ चा; म्हणजे २००१ साली त्याने या कृती केल्या तेव्हा तो जेमतेम पंधरा वर्षांचा होता. त्यांपैकी सर्वाधिक गाजलेल्या कृतीचे शीर्षक 'ह्याकुगोज्युइची'. जपानी भाषेत 'ह्याकु' म्हणजे शंभर, 'गोज्यु' म्हणजे पन्नास आणि 'इची' म्हणजे एक. एकूण एकशे एक्कावन्न. पोकेमॉन या खेळाच्या पहिल्या पिढीतील काल्पनिक प्राण्यांची ही संख्या. त्यावर आधारित दूरचित्रवाणी मालिका जपानमध्ये एप्रिल १९९७ मध्ये सुरू झाली आणि हे गीत तिच्याशी निगडित आहे. जपानी मुलाच्या दृष्टीने त्यात गूढ असे काहीच नाही.

पडद्यावर मात्र वेगळेच घडते. छायाचित्रांतून कडा ओबडधोबड कापून घेतलेली डोकी तरंगत येतात, फुगतात, फिरतात, नाहीशी होतात. विनोदी अभिनेता कॉलिन मॉक्री याचा चेहरा अकारण पुनःपुन्हा अवतरतो. पुढे तो या प्रकाराची जणू कुलदेवता होऊन बसला. आणि खाली इंग्रजी उपशीर्षके येतात. ती भाषांतर नव्हेत. जपानी ध्वनी इंग्रजी कानाला जसे भासले तसे ते लिहिले आहेत. त्यामुळे स्वेटर आणि गिटार यांचा एकमेकांशी सुतराम संबंध नसताना ते एका वाक्यात येतात, आणि एकदा ते वाचले की गाण्यात दुसरे काही ऐकूच येत नाही. डोळा कानाला आज्ञा करतो. या कृतीतील खरी किमया हीच आहे, तरंगती डोकी ही तिची आरास.

या प्रकारास पूर्वपीठिका होती. १९९८ साली कॅनडातील एका कलाविद्यार्थिनीने तयार केलेल्या 'हॅम्पस्टर डान्स' या पानावर नाचणाऱ्या उंदीरवर्गीय प्राण्यांच्या रांगा होत्या आणि डिस्नेच्या १९७३ सालच्या 'रॉबिन हूड' या बालचित्रपटातील रॉजर मिलरची धून वेग वाढवून लावलेली होती. २००० साली स्वीडनमध्ये लेबनॉनचा गायक अझर हबीब याच्या अरबी गीतावर 'हात्तेन एर दिन' ही कृती झाली. शीर्षकाचा स्वीडिश अर्थ 'टोपी तुझी आहे'. अरबी गीतात टोपी नाही. ती स्वीडिश कानात आहे. या कृतीची प्रेरणा सिसीएरेगाने मान्य केलेली आहे. छायाचित्रे कापून हलवण्याच्या तंत्राचे मूळ आणखी मागे, 'माँटी पायथन्स फ्लाइंग सर्कस' (१९६९-७४) या बीबीसीच्या मालिकेसाठी टेरी गिलियमने केलेल्या कातरचित्रांपर्यंत नेता येईल.

साधनाचा विचार येथे टाळता येणार नाही. 'फ्युचरस्प्लॅश' या नावाने १९९६ साली आलेले सॉफ्टवेअर मॅक्रोमीडियाने विकत घेतले आणि त्याचे 'फ्लॅश' झाले. त्यात प्रत्येक चौकट वेगळी काढावी लागत नसे. आरंभबिंदू व अंतबिंदू दिला की मधला प्रवास यंत्र करी. ज्याला चित्र काढता येत नाही अशा मुलालाही त्यामुळे चित्र हलवता आले, आणि वस्तू सरळ रेषेत निर्जीवपणे सरकतात हा जो या कृतींचा 'दोष' तो या सुविधेतूनच आला. दुसरी गोष्ट वेगाची. टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या ५६ केबीपीएसच्या मोडेमला उत्तम स्थितीतही सेकंदाला सात किलोबाइटच आणता येत. दोन मेगाबाइटच्या फाईलसाठी सुमारे पाच मिनिटे थांबावे लागे. पडद्यावर टक्केवारी वाढत जाई आणि प्रेक्षक वाट पाहत बसे. इतकी वाट पाहून जे पदरी पडे ते तरंगते डोके असे. या विसंगतीचाही हास्यात वाटा होता, हे आज ती कृती क्षणार्धात सुरू होते तेव्हा जाणवते.

असंबद्धता कोठे असते?

या कृतींची तुलना अनेकदा दादावादाशी केली जाते. १९१६ साली झुरिकच्या कॅबरे व्होल्तेरमध्ये ह्यूगो बाल याने ध्वनिकविता म्हटल्या, त्यांत कोणत्याच भाषेचे शब्द नव्हते. मार्टिन एस्लिनने १९६१ मध्ये 'ॲब्सर्ड' रंगभूमीची जी मीमांसा केली तिचाही आधार घेतला जातो. प्रस्तुत लेखकास या दोन्ही तुलना अपुऱ्या वाटतात. बालचे ध्वनी हेतुतः घडवलेले निरर्थक ध्वनी होते. ते ऐकणारा जर्मन असो वा फ्रेंच, त्याच्या हाती अर्थ लागणार नव्हता. एस्लिनच्या नाटककारांपुढे जगण्यातील अर्थशून्यतेचा प्रश्न होता, आणि पंधरा वर्षांच्या मुलाच्या खोडकरपणावर तो लादणे म्हणजे आपल्या समीक्षेची हौस भागवणे होय.

त्यापेक्षा एलिझाबेथ स्यूएलचा 'द फील्ड ऑफ नॉन्सेन्स' (१९५२) हा ग्रंथ अधिक उपयोगी पडतो. निरर्थिका म्हणजे गोंधळ किंवा स्वप्न नव्हे, तो नियमबद्ध खेळ आहे. तिला क्रम लागतो, मोजणी लागते, सुट्या वस्तू लागतात, असे तिचे म्हणणे. आपल्याकडील बडबडगीतांचा अनुभवही याहून निराळा नाही. राज्य कोणावर हे ठरवताना मुले जी मोजणी म्हणतात तिच्या शब्दांना अर्थ नसतो, पण एकही मात्रा चुकलेली चालत नाही. विंदा करंदीकरांच्या 'एटू लोकांचा देश'मध्येही वेडेपणा आहे तो छंदाच्या शिस्तीत. 'ह्याकुगोज्युइची' या दृष्टीने पाहिल्यास त्यातील बेशिस्त वरवरची ठरते. खाली बालगीताचा पक्का ठेका आहे, शीर्षकच मुळी एक संख्या आहे, आणि प्रत्येक विक्षिप्त डोके ठेक्यावरच येते. बालगीतच का निवडले जाते याचे उत्तर यात आहे. त्याची लय इतकी उघड, इतकी आग्रही असते की भाषा कळली नाही तरी पुढची ओळ कोठे सुरू होणार हे शरीराला कळते. शब्द परके आणि ठेका ओळखीचा, असा हा प्रकार आहे.

तथापि स्यूएलच्या विवेचनात न बसणारी एक गोष्ट उरतेच. बडबडगीत ते म्हणणाऱ्यालाही निरर्थक असते. हे जपानी गीत तसे नाही. ते सार्थ आहे. निरर्थक झाले ते मॅसॅच्युसेट्समध्ये. म्हणजे येथील असंबद्धता हा गीताचा गुण नव्हे, ती ऐकणाऱ्याच्या स्थानाचा गुण आहे. आणखी एक बारकावा असा की हे गीत अमेरिकन मुलांना सर्वस्वी परके नव्हते. पोकेमॉन त्यांनी इंग्रजीत पाहिले होते, जसे आपल्याकडील मुलांनी ते कार्टून नेटवर्कवर हिंदीत पाहिले. इंग्रजी आवृत्तीत मूळ जपानी गीतांच्या जागी दुसरी गीते आली होती. त्यामुळे हे जपानी गीत म्हणजे नेहमीच्या खोलीतले आजवर न उघडलेले कपाट होते.

ऐकण्यातील चुकीला जपानीत 'सोरामिमी' असा शब्द आहे. 'सोरा' म्हणजे आकाश वा पोकळी, 'मिमी' म्हणजे कान. 'तामोरी क्लब' या जपानी कार्यक्रमात परदेशी गाण्यांतून जपानी शब्द ऐकू येण्याचे स्वतंत्र सदर १९९२ पासून चालत असे, तेव्हा अमेरिकन मुलाने जपानी गाण्यावर जे केले ते जपानी प्रेक्षक इंग्रजी गाण्यांवर आधीपासूनच करत होते. इंग्रजीतील 'माँडग्रीन' हा शब्द सिल्व्हिया राइट हिने १९५४ मध्ये योजला तो बालपणीच्याच एका चुकीवरून. आई वाचून दाखवत असलेल्या स्कॉटिश पोवाड्यातील शब्द चुकीचे ऐकून तिने एक अस्तित्वातच नसलेली सरदारीण मनात निर्माण केली होती. खरा पाठ कळल्यावरही आपली सरदारीणच अधिक चांगली होती, अशी तिची भूमिका होती.

हे उदाहरण आपल्या प्रश्नाच्या अगदी जवळचे आहे. लहान मूल सभोवतालची भाषा प्रथम अशीच ऐकते. ध्वनी कळतात, अर्थ अर्धामुर्धा कळतो, उरलेला भाग ते स्वतःच्या पदरचे शब्द घालून भरून काढते. आरतीतील संस्कृतप्रचुर शब्द आपण प्रत्येकाने काय काय समजून म्हटले आहेत हे आठवावे. परभाषेतील बालगीत श्रोत्याला, तो कितीही मोठा असो, क्षणभर त्या अवस्थेत नेऊन बसवते. येथे रूसोला उत्तर मिळते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या गाण्याने आठवण होते ती प्रदेशाची नव्हे, अर्थापूर्वीच्या ऐकण्याची. आणि त्या ऐकण्याला स्वभाषा-परभाषा असा भेद नसतो, म्हणून परके गाणेही तेथवर पोहोचते.

हसणारा आणि ज्याच्या भाषेला हसले जाते तो

इतके म्हणून थांबता आले असते तर लेख सुखाने संपला असता. परंतु ज्याला निरर्थक ध्वनी म्हणून आपण हसलो तो कोणाचा तरी अर्थ होता, हे विसरता येत नाही. ऑगस्ट २००७ मध्ये 'बफलॅक्स' हे टोपणनाव घेतलेल्या एका अमेरिकन तरुणाने 'पेण्णिन मनदै तोट्टु' (२०००) या तमिळ चित्रपटातील प्रभुदेवाचे एक नृत्यगीत घेऊन त्याखाली इंग्रजी कानाला भासलेले शब्द लिहिले. 'बेनी लाव्हा' या नावाने ते जगभर पसरले. येथे ॲनिमेशन नाही, बालगीतही नाही. मात्र युक्ती तीच आहे, फ्लॅशमधून ती यूट्यूबवर स्थलांतरित झाली आहे.

प्रस्तुत लेखकाने ते प्रथम पाहिले एम. फिल. च्या काळात, विद्यापीठाच्या वसतिगृहात, एका लॅपटॉपभोवती जमलेल्या सात-आठ जणांत. आम्ही मराठी, हिंदी भाषक पोट धरून हसलो. खोलीत एक तमिळ मित्र होता, तोही हसला. मग त्याने शांतपणे गाण्याचा खरा अर्थ सांगायला सुरुवात केली. साधे प्रेमगीत होते. त्याचे दुसरे कडवे सांगून व्हायच्या आत कोणीतरी व्हिडिओ पुन्हा सुरू केला. तो काही बोलला नाही. त्या वेळी यात काही वावगे वाटले नव्हते. आज ते हसणे आठवते तेव्हा स्मरणरंजन आणि गतकातरता हे दोन शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत, असे वाटते.

मग 'ह्याकुगोज्युइची'लाही हाच आक्षेप लागू होतो काय? अंशतः होतो. परंतु सरसकट एकच निवाडा देणे अन्यायाचे होईल. भरताने हास्याच्या विभावांत विकृत वेष आणि असत्प्रलाप या दोहोंचा उल्लेख केला आहे. सिसीएरेगाच्या कृतीत विकृत रूप धारण करतात ते त्याच्याच परिसरातील, इंग्रजी दूरचित्रवाणीवरचे चेहरे. आणि असत्प्रलाप आहे तो उपशीर्षकांचा, म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानाचा. जपानी गायकाचा चेहरा तेथे हास्याचा विषय नाही. हसणारा मुख्यतः स्वतःला आणि स्वतःच्या दूरचित्रवाणीलाच हसतो आहे. 'बेनी लाव्हा'त मात्र परका माणूस पडद्यावर प्रत्यक्ष आहे, त्याचे ओठ हलत आहेत आणि त्या ओठांत दुसऱ्याचे शब्द घातले आहेत. विकृत रूप आणि असत्प्रलाप दोन्ही त्याच्या माथी मारले जातात. हा फरक काळानुसार मात्र मांडता येत नाही. 'हात्तेन एर दिन'मध्ये अझर हबीबचा चेहरा २००० सालीच पडद्यावर होता. तेव्हा आरंभीचे दिवस निष्पाप होते आणि पुढे सारे बिघडले, ही स्मरणरंजनाला आवडणारी कथा येथे टिकत नाही.

तिसरे एक उदाहरण या दोहोंपेक्षा निराळे आहे. २००६ मध्ये 'ब्लीच' या जपानी मालिकेतील एक मुलगी हातातील पातीचा लांब कांदा गोल फिरवत राहते अशी छोटी आवर्ती कृती पसरली. तिला जोडलेले गाणे फिनलंडच्या लोइतुमा या गायकसंचाचे 'इएवान पोल्का'. या कृतीत गाण्याचा जो भाग वापरला आहे तो नेमका शब्दांचा नाही. तो गायिकेने लयीसाठी घेतलेल्या निरर्थक बोलांचा आहे, आपल्याकडील तराण्यासारखा. ते बोल फिनिश माणसालाही कळत नाहीत. या गाण्यापुढे जगातील सर्व श्रोते एका पंगतीला बसतात. कोणाच्या अर्थाचा बळी जात नाही. पुढील वर्षी जपानमध्ये हात्सुने मिकू ही संगणकीय गायिका अवतरली तेव्हा तिच्या हाती हाच कांदा आला आणि आजही तो तिची खूण आहे. कर्ता अज्ञात, गाणे फिनिश, चित्र जपानी, पण कोणी दुखावल्याचे ऐकिवात नाही. शुद्ध आनंदाच्या दृष्टीने प्रस्तुत लेखकाची पसंती या कांद्यालाच आहे. मात्र विचार करायला लावते ती पहिली कृती.

जतन आणि हरवणे

स्वेतलाना बॉयम हिने २००१ मध्ये स्मरणरंजनाचे दोन प्रकार सांगितले. हरवलेले घर पुन्हा उभारू पाहणारा पहिला, आणि हरवलेपणावरच रेंगाळणारा दुसरा. फ्लॅशच्या बाबतीत पहिला प्रकार बऱ्याच अंशी यशस्वी झाला आहे. २००५ मध्ये मॅक्रोमीडिया अडोबीकडे गेली, २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्सने आयफोनवर फ्लॅशला जाहीर नकार दिला, ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबीने आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून जुन्या कृती ब्राउझरमध्ये उघडेनाशा झाल्या. तोपर्यंत जतनाचे प्रयत्न सुरू झाले होते. 'फ्लॅशपॉइंट' या स्वयंसेवी प्रकल्पाने असंख्य कृती गोळा केल्या, आणि इंटरनेट आर्काइव्हने नोव्हेंबर २०२० मध्ये 'रफल' या प्रतिरूपकाच्या साहाय्याने त्या पुन्हा चालत्या केल्या. साहित्याच्या जतनाविषयी आपली संस्थात्मक अनास्था पाहता, चार मुलांच्या टवाळकीसाठी कोणी इतके कष्ट घ्यावेत याचा हेवा वाटतो.

फाईल परत आली, ऐकण्याची अवस्था मात्र परत येऊ शकत नाही. आज कोणत्याही गाण्याचा अर्थ बोटाच्या अंतरावर आहे. परभाषेचे अज्ञान ही तेव्हा परिस्थिती होती, आता ती निवड आहे, आणि निवडलेल्या अज्ञानात मूल होता येत नाही. अर्थात अर्थ कळणे हे नुकसानच होते असे म्हणण्याचे धाडस प्रस्तुत लेखक करणार नाही; वसतिगृहातील तो अर्धवट राहिलेला अनुवाद अजून पुरा व्हायचा आहे.

गेल्या वर्षी पदव्युत्तर वर्गात हास्यरस शिकवताना 'ह्याकुगोज्युइची' रफलवर लावून दाखवले. विद्यार्थी प्रथम अवाक् झाले, मग उपशीर्षके वाचू लागले आणि हळूहळू हसू लागले. पुढच्या बाकावरील एक विद्यार्थिनी पुण्यात जपानीच्या प्राथमिक परीक्षेची तयारी करत होती. ती हसत नव्हती, बोटांवर काहीतरी मोजत होती. दुसऱ्यांदा लावल्यावर तिला विचारले की स्वेटर ऐकू येतो का. तिने पुन्हा एकदा लावायला सांगितले, डोळे मिटून ऐकले, आणि म्हणाली, "नाही सर. मला आकडाच ऐकू येतो."